विश्लेषण : चित्रे त्यांची, मग नाव का गायब झाले?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या बराकींत आणि बॉम्बफेकी विमानांवर ‘वार्गा गर्ल’ झळकत होती. टाचणीने भिंतीवर लावायची म्हणून अशा चित्रांना ‘पिन-अप’ म्हणत. युद्ध संपताच तिचा चित्रकार मात्र नावाला मुकला.

कोण होते वार्गास?

अल्बर्टो वार्गास १८९६ मध्ये पेरूतील अरेकिपात जन्मले. वडील छायाचित्रकार. १९१६ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. तेथे झिगफेल्ड यांच्या रंगमंचावरील तारकांची चित्रे काढली. १९४० पासून ते ‘एस्क्वायर’ मासिकासाठी रंगवू लागले. जलरंग आणि एअरब्रशमुळे त्यांच्या चित्रांतील त्वचा उजळ, मुलायम दिसे. मासिकाने आडनावातील शेवटचा ‘स’ गाळून ‘वार्गा’ केले.

करारात काय होते?

१९४४ च्या करारानुसार दर सहा महिन्यांत किमान २६ चित्रे द्यायची होती. चित्रांसह ‘वार्गा’ हे नावही मासिकाचे झाले. १९४६ मध्ये संबंध तुटल्यावर तीच चित्रे सहीविना, ‘एस्क्वायर गर्ल’ म्हणून छापली गेली.

न्यायालय काय म्हणाले?

वार्गास यांनी दाद मागितली. हक्क देताना श्रेयाची अट राखून ठेवली नव्हती, म्हणून १९४७ मध्ये अपील न्यायालयातही ते हरले. पुढे ‘प्लेबॉय’मध्ये त्यांची चित्रे ‘वार्गास’ या पूर्ण आडनावाने आली. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतात काय स्थिती?

आपल्याकडे कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यावरही कलावंताला श्रेयावर दावा करता येतो. तरीही सही करण्याआधी करार पूर्ण वाचलेला बरा.