झाडी, डोंगार आणि खोके

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार तालुक्यातलं डोईफोडिया मत देतं ते भोपाळच्या विधानसभेसाठी. कचेरीतलं कामकाज हिंदीत. या सीमापट्ट्यातल्या सोयरिकी मात्र रावेर, मुक्ताईनगर, जळगाव जामोदकडे. त्यामुळे मुंबईच्या राजकारणातला विनोद इथं पोचायला वर्तमानपत्र लागत नाही, मामाच्या नाहीतर जावयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून तो आपसूक येतो. आमदारांना दूरच्या हॉटेलात नेऊन ठेवण्याचा प्रकारही इथल्या मतदाराला नवा नाही. मार्च २०२० मध्ये काँग्रेसचे बंडखोर आमदार बंगळुरूला जाऊन राहिले आणि २० मार्चला मुख्यमंत्री कमलनाथांनी राजीनामा दिला. त्याच जुलैत नेपानगरच्या, म्हणजे याच भागाच्या, आमदार सुमित्रादेवी कास्डेकर काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेल्या आणि नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत पुन्हा निवडूनही आल्या.

त्या सगळ्या उलथापालथीतून लक्षात राहिलेलं वाक्य कोणतं? त्या बंडाचे नेते ज्योतिरादित्य शिंद्यांचं ‘टायगर अभी जिंदा है’. सिनेमावरून घेतलेलं, भाषणात ठासून म्हटलेलं. समर्थकांनी ते मिरवलं, विरोधकांनी त्याची टिंगल केली, पण दोन्हीकडे ते शिंद्यांचंच राहिलं. घरी भाजी चांगली झाली म्हणून कोणी टायगरचा डायलॉग मारत नाही.

सांगोल्याचे तेव्हाचे शिवसेना आमदार शहाजीबापू पाटलांच्या वाक्याचं तसं झालं नाही. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे शिवसेनेच्या आमदारांना घेऊन आधी सुरत आणि मग गुवाहाटीला गेले. राज्यात सरकार राहतं की पडतं याचा घोर, वाहिन्यांवर दिवसरात्र आकडेमोड. अशात शिंद्यांसोबत गेलेल्या बापूंचं आपल्या कार्यकर्त्याशी झालेलं फोनवरचं बोलणं बाहेर आलं. बंडाची कारणं त्यातही होती, पण लोकांनी कानात साठवलं ते हॉटेलच्या खिडकीतलं वर्णन: ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, एकदम ओक्केमंदी.’

हे वाक्य मुद्दाम लिहायला बसलं असतं तर कोणाला साधलं नसतं, असं माझं मत आहे. तीनदा ‘काय’, प्रत्येक वेळी आवाज थोडा वर, आणि शेवटी ‘ओक्केमंदी’वर ऐसपैस बसकण. शिवाय ते आपल्याला ऐकवण्यासाठी बोललेलं नव्हतं. चोरून ऐकल्याची मजा त्यात होती. सांगोल्याकडच्या बोलीला हसणारे शहरी लोक होतेच, पण ‘हा आपल्यासारखा बोलतो’ म्हणून खूश झालेली माणसंही काही कमी नव्हती. दोन्ही गटांनी एकच क्लिप पुढं ढकलली.

आता ढकलण्याच्या यंत्रणेकडे पाहू. अफवांना आळा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात २०१८ पासून एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढं पाठवण्याची मर्यादा घातली; एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला संदेश तर एका वेळी एकाच ठिकाणी जातो. पण क्लिप उतरवून, कापून, नव्यानं चढवली की तिची मोजणी शून्यापासून सुरू होते. म्हणजे जशीच्या तशी धाडणाऱ्याची अडचण होते, फेरफार करणाऱ्याची होत नाही. दुसरी सोय इन्स्टाग्रामची. भारतात २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि काही दिवसांतच रील्स सुरू झालं. तिथं एकाचा आवाज घेऊन दुसऱ्यानं त्यावर आपलं चित्र लावायचं असतं. बापूंचा आवाज आला तोही मोक्याच्या वेळी: जूनअखेर, सह्याद्री हिरवा होऊ लागलेला, तरुण मंडळी गडांवर निघालेली. झाडी होती, डोंगर होते, वर आवाज तयार.

रिचर्ड डॉकिन्सनं १९७६ मध्ये ‘मीम’ ही कल्पना मांडली तेव्हा इंटरनेट नव्हतं. पुढं लिमोर शिफमन या अभ्यासिकेनं २०१३ च्या पुस्तकात एक उपयोगी भेद केला: जसंच्या तसं पसरतं ते व्हायरल, आणि लोक ज्यात स्वतःची भर घालतात ते मीम. बापूंचं वाक्य काही दिवसांतच पहिल्यातून दुसऱ्यात गेलं. त्यावर डीजेची गाणी झाली, टी-शर्ट छापले गेले. ‘लग्न कसं झालं?’ या प्रश्नाला लिहून उत्तर द्यायची गरज उरली नाही. क्लिप टाकली की काम झालं. तिथं शिवसेना नव्हती आणि गुवाहाटीही नव्हती.

खरी गंमत पुढं आहे. २९ जून २०२२ ला मुख्यमंत्री उद्धव ठाकऱ्यांनी राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी शिंदे मुख्यमंत्री झाले. ऑगस्टमध्ये पावसाळी अधिवेशन भरलं, आणि विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी आरोळी दिली: ‘पन्नास खोके, एकदम ओके!’ (खोका म्हणजे बोलीत एक कोटी रुपये.) बापूंनी समाधानानं उच्चारलेला ‘ओके’ यमक जुळवून त्यांच्याच गटाच्या अंगावर आला. पैसे घेतल्याचा हा आरोप शिंदे गटानं फेटाळला. पण घोषणा थांबली नाही. त्या वर्षीच्या पोळ्याला काही गावांत ती बैलांच्या अंगावर रंगवलेली दिसली. झाडी-डोंगरात निव्वळ मौज होती. खोक्यांना धार होती, आणि २०२३ मध्ये खोक्यांवरच्या एका रॅप गाण्यामुळे पोलिसांत गुन्हा नोंदवण्यापर्यंत मजल गेली. विनोद सत्तेला कुठं टोचतो हे तिथं कळलं.

उलटा प्रवासही होतो. भाजपच्या देवेंद्र फडणवीसांचं ‘मी पुन्हा येईन’ २०१९ च्या नोव्हेंबरात सत्ता हुकल्यावर अडीच वर्षं केवळ थट्टेचा विषय होतं. परत सत्तेत आल्यावर त्याच वाक्याचा दाखला त्यांनी विधानसभेत ऐटीत दिला.

बापूंनीही आपल्या वाक्याशी भांडण केलं नाही. सभांतून लोक मागतील तेव्हा ते म्हणून दाखवत राहिले. शहाणपणाचं होतं ते. पण मतांचं गणित निराळं. २०१९ मध्ये सांगोल्यातून ते अवघ्या ७६८ मतांनी निवडून आले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये, सगळ्या महाराष्ट्राला त्यांचा आवाज पाठ असताना, त्याच मतदारसंघात शेकापच्या बाबासाहेब देशमुखांनी त्यांना हरवलं.