पडदा बदलला, नियम बदलला

१९९५च्या सुमारास ऑफिसांत आणि पुढे सायबर कॅफेंत दिसायचे ते अर्धं टेबल अडवणारे, काचेच्या नळीचे मॉनिटर. चित्र कडेला वाकलं किंवा एका अंगाला सरकलं, तर पडद्याखालची बटणं दाबून ते जागेवर आणावं लागे. शेजारच्या स्पीकरमधल्या चुंबकामुळे कोपऱ्यात जांभळट डाग उमटला की डिगॉसचं, म्हणजे पडद्यातलं चुंबकत्व घालवणारं, बटण दाबायचं. धप्प आवाज होऊन चित्र क्षणभर थरथरे आणि डाग जाई. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे, त्याचं एक मोठं कारण ६० हर्ट्झचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने रेखाटलं जातं तो वेग. तो ७५ किंवा ८५ केला की लुकलुक थांबायची. पण हे सांगणारं कुणी नसे आणि लोक वर्षानुवर्षं तसेच काम करत राहत.

मग चपटे एलसीडी आले आणि जुना नियमच उलटा झाला. नळीचा पडदा कुठलंही रिझोल्यूशन बऱ्यापैकी निभावून नेई. एलसीडीचे ठिपके मात्र ठरलेले असतात: १५ इंचीला साधारण १०२४ बाय ७६८, १७ इंचीला १२८० बाय १०२४. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून अनेकांनी ८०० बाय ६०० ठेवलं. अक्षरं मोठी झाली खरी, पण फिसकटली. देवनागरीला याचा फटका जास्त बसला. शिरोरेषेवरचा अनुस्वार मात्रेला चिकटे, रफार कुठे संपतो ते कळेना. मराठी मजकूर तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच अडचण. अक्षरांच्या कडा सुबक करणारं क्लिअरटाइप २००१च्या विंडोज एक्सपीत होतं, पण बंद ठेवलेलं. विंडोज व्हिस्टापासून ते आपोआप सुरू झालं.

आजच्या लॅपटॉपवर १९२० बाय १०८० ठिपके छोट्याशा जागेत बसवलेले असतात. अक्षरं बारीक वाटली की अजूनही अनेकांचा हात रिझोल्यूशन कमी करायलाच जातो. खरा उपाय वेगळा आहे: रिझोल्यूशन विंडोज सुचवतं तेच ठेवावं आणि स्केल १२५ किंवा १५० टक्के करावं. म्हणजे अक्षर मोठं होतं आणि रेखीवही राहतं. टीव्ही जोडल्यावर चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीच्याच मेनूत ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्र किंचित मोठं करून दाखवण्याची सोय, बंद करावा.

या सगळ्या काळात धूसर चित्राचा दोष बहुतेकदा मॉनिटरवर किंवा स्वतःच्या डोळ्यांवर गेला. म्हणून संगणक हाती देताना चालू-बंद करणं शिकवतो, तसंच पडदा जुळवणंही शिकवलं पाहिजे. दिवसभर त्यावर मराठी वाचणाऱ्या माणसाचा तेवढा हक्क आहे.