वर्दीपासून बंबापर्यंत

पनवेलच्या जुन्या गावात वडाळे, विश्राळे, देवाळे, कृष्णाळे, लेंडाळे अशी तळ्यांची एक मालिकाच आहे. ज्या गावाच्या कुशीत इतके पाणी साठलेले आहे, त्या गावातील एखाद्या कौलारू माळ्याला भर वैशाखात आग लागली, तर ती विझविण्यास पाणी अपुरे पडेल असे कोणास स्वप्नातही वाटणार नाही. आणि तरीही तळे दोनशे पावलांवर असून घर डोळ्यांदेखत जळून जावे, असा प्रसंग येऊ शकतो. तळ्यातले पाणी आपल्या पायांनी चालत येत नाही. ते आणण्याचे साधन आणि ते साधन हाताळण्याचा सराव असलेली माणसे ऐन वेळी जागेवर असावी लागतात. या माणसांविषयी, म्हणजे पगारी जवानांच्या जोडीला उभे राहणाऱ्या स्थानिक स्वयंसेवी अग्निशमन पथकाविषयी, येथे लिहावयाचे आहे.

पनवेलची नगरपालिका 1852 सालची. देशातील जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. 1 ऑक्टोबर 2016 रोजी तिची महानगरपालिका झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजे हा विस्तीर्ण मुलूख तिच्या हद्दीत आला. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची तरतूद असल्यामुळे आगीचा बंदोबस्त ही पालिकेची जबाबदारी होय, याविषयी वाद संभवत नाही. पालिकेचे बंब आहेत, सिडकोने वसविलेल्या वसाहतींतून अग्निशमन केंद्रे उभी राहिली, तळोज्याच्या कारखान्यांसाठी औद्योगिक विकास महामंडळाचे केंद्र आहे. परंतु अग्निशमन दलाच्या भाषेत जिला ‘वर्दी’ म्हणतात ती आगीची खबर केंद्रात पोहोचणे, घंटा वाजणे, जवानांनी बंबावर चढणे, बंबाने कळंबोलीच्या वाहनांच्या गर्दीतून वाट काढणे आणि गावठाणातील बोळाच्या तोंडाशी येऊन थांबणे, या सर्वांस काळ लागतो. आणि तो काळ कोणत्याही आज्ञेने शून्य करता येत नाही. बंद खोलीत गादीला किंवा पडद्याला लागलेली आग मात्र अवघ्या काही मिनिटांत सबंध खोलीचा कबजा घेते. वर्दी आणि बंब यांमधला हा जो रिकामा काळ, तो भरून काढणे हेच स्वयंसेवी पथकाचे खरे प्रयोजन आहे. बंबाची जागा त्याने घ्यावयाची नाही.

ही कल्पना जगाला नवी नाही. बेंजामिन फ्रँकलिनने 1736 साली फिलाडेल्फियात शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकत्र करून असे पथक स्थापन केले होते. चिली देशातील वाल्पाराइसो बंदरात 1851 साली पहिले पथक निघाले आणि आजही त्या देशातील गावोगावची अग्निशमन पथके विनावेतन काम करतात. जर्मनीत तर लहान गावांचा सारा भार स्वयंसेवकांवरच असतो. आपल्याकडे या वृत्तीचा अंकुर निराळ्या वाटेने फुटला. 1946 च्या डिसेंबरात मुंबई इलाख्यात होमगार्ड ही संघटना निघाली. पुढे 1968 साली नागरी संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याखाली उभ्या राहिलेल्या मानसेवी दलाच्या कामांत आग विझविणे हे एक प्रमुख काम गणले गेले. आपल्या शेजारच्या उरणात, जेथे बंदर आणि तेलाचे साठे आहेत, असे नागरी संरक्षण दल आहे. अलीकडे ‘आपदा मित्र’ या योजनेतून देशातील 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना शिक्षण देण्याचा संकल्प झाला. तेव्हा पाया नव्याने खणावयाचा नाही. पनवेलच्या गल्लीपर्यंत भिंत आणावयाची आहे एवढेच.

स्थानिक माणसाचे मोल काय, हे 19 जुलै 2023 च्या रात्री सबंध रायगड जिल्ह्याने पाहिले. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. पावसात, अंधारात, चिखलाची चढण पायी चढूनच प्रत्येकास वर जावे लागले, आणि ती वाट ज्यांच्या पायाखालची होती त्या डोंगरभटक्या तरुणांची मदत फार मोलाची ठरली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याने ती चढण चढतानाच देह ठेवला. सत्तावीस मृतदेह हाती आले; सत्तावन्न माणसे मातीतच राहिली. ही आपत्ती आगीची नव्हती. पण वाट माहीत असणे आणि जवळ असणे या दोन गोष्टी कोणत्याही यंत्राने विकत घेता येत नाहीत, हे तिने कायमचे शिकविले आहे.

आता सामग्रीचा विचार करू. पुष्कळांची अशी समजूत असते की, पथक म्हटले म्हणजे पहिल्याच दिवशी लाल रंगाची मोठी गाडी दारात हवी. प्रत्यक्षात गावठाणातील बोळासाठी दोघा-चौघांनी उचलून नेता येईल असा सुटा पंप अधिक कामाचा. अशा पंपाचा एक प्रचलित प्रकार मिनिटास पावणेतीनशे लिटर पाणी फेकतो. आगीसाठी म्हणून जी लाल बादली टांगलेली असते तिच्यात नऊ लिटर पाणी मावते. म्हणजे हा पंप दर मिनिटास तीस बादल्या ओततो, आणि त्याही न सांडता, न थकता. (त्या बादलीचा तळ गोल का असतो, हे वाचकांना ठाऊक नसेल: ती जमिनीवर ठेवता येत नाही, म्हणून कोणी ती धुण्याभांड्यांकडे पळवून नेत नाही.)

वडाळे तळ्याच्या काठी हा पंप ठेवला आहे, अशी कल्पना करा. चोखणारी जाड नळी पाण्यात सोडावयाची, तिच्या टोकाला जाळी, नाहीतर शेवाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या पंपाचा गळा धरतात. वातावरणाचा दाब पाण्याला फार तर दहा मीटरपर्यंत उचलतो. व्यवहारात सात मीटर ही मर्यादा समजावी. यास्तव उन्हाळ्यात तळ्याची पातळी खाली गेली असता पंप कोठे ठेवावयाचा, हे माघ-फाल्गुनातच पाहून ठेवले पाहिजे. पंपापासून पुढे पंधरा-पंधरा मीटरचे होज, प्रत्येकाच्या एका टोकाला ‘मेल’ आणि दुसऱ्या टोकाला ‘फिमेल’ कपलिंग. ते एकमेकांत दाबताच खटकन बसतात. दोनशे पावलांसाठी असे दहा होज लागतात. रिकामा होज एक माणूस खांद्यावर टाकून धावतो. परंतु त्रेसष्ट मिलिमीटर व्यासाच्या होजमध्ये पाणी भरले की पंधरा मीटरमध्ये सुमारे सत्तेचाळीस किलो पाणी असते, आणि मग तो अजगरासारखा ताठ होऊन वळणे नाकारतो. म्हणून होज आधी अंथरावयाचा, वळणे मोठी ठेवावयाची, आणि पुढच्याने ब्रांच पाइप, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, घट्ट धरून हाक दिल्यावाचून पंपावरच्याने पाणी सोडावयाचे नाही. ब्रांचवर एकाच्या पाठीशी दुसरा हवाच. पाण्याचा मारा धुरावर न करता ज्वाळेच्या बुडाशी करावयाचा. हे सारे वाचून येत नाही. दहा वेळा हात भिजल्यावर येते.

सामग्री विकत घेणे सोपे, ती राखणे कठीण. वापरलेला होज धुऊन, उभा टांगून, सावलीत वाळविला नाही, तर कापडी आवरण कुजते आणि ऐन आगीत त्याला भोक पडते. पंप आठवड्यातून एकदा सुरू केला नाही, तर वर्दीच्या वेळी तो सुरू होत नाही. ज्या पथकाच्या दप्तरात दर आठवड्याची नोंद आणि नोंदीखाली सही नाही, त्या पथकाजवळ पंप आहे असे मी मानणार नाही.

स्वयंसेवकाने काय करू नये, हे तळोज्याच्या आणि द्रुतगती मार्गाच्या शेजारी राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात धरले पाहिजे. 13 जून 2023 रोजी लोणावळ्याजवळ रसायनाचा टँकर उलटून पेटला, जळते द्रव्य पुलावरून खालच्या रस्त्यावर पडले, आणि चौघांचा बळी गेला. अशा ठिकाणी पाण्याची बादली घेऊन धावणे म्हणजे केवळ आत्मनाश. तेथे पथकाचे काम एवढेच: वाऱ्याच्या दिशेला पाठ करून लांब उभे राहणे, माणसे मागे हटविणे, आणि टँकरच्या फलकावरील चार आकडी क्रमांक वाचून वर्दीबरोबर कळविणे. 1203 म्हणजे पेट्रोल, 1075 म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, 1230 म्हणजे मिथेनॉल. हा एक आकडा वेळेवर कळला, तर येणारा अधिकारी फेस आणावयाचा की पाणी, याचा निर्णय वाटेतच करतो. कारखान्यांच्या आतील आगीसाठी रासायनिक अपघातांविषयीच्या 1996 च्या नियमांखाली स्थानिक आपत्ती गट असतात. त्यांच्या हुकुमाशिवाय फाटकाच्या आत पाऊल टाकू नये.

याउलट एक क्षेत्र असे आहे की जेथे स्वयंसेवकच खरा जवान ठरतो. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य अवघे बारा चौरस किलोमीटरचे. चैत्रात त्याच्या भोवतालच्या वाळलेल्या गवतात वणवा शिरला, तर बंब त्या उतारावर चढू शकत नाही. वनखाते जाळरेषा काढते. परंतु ठिणगीने ती ओलांडली की हिरव्या डहाळ्यांनी झोडपून आग विझविणारे हातच कामी येतात. त्यांना चामड्याचे बूट, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, पिण्याचे पाणी आणि माघारीची ठरलेली वाट एवढे मिळाले, तरी पुष्कळ झाले. नायलॉनचा टी-शर्ट घालून वणव्यावर जाऊ नये. तो वितळून कातडीला चिकटतो.

पथकाला नायक एकच असावा, आणि बंब येताच त्याने सारी सूत्रे दलाच्या अधिकाऱ्याच्या हाती द्यावी. प्रत्येक स्वयंसेवकाचा विमा पालिकेने उतरवावा. जो माणूस दुसऱ्याच्या घरासाठी धुरात शिरतो, त्याच्या घराची काळजी वाहणे हे उपकारात मोडत नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजावरील कापूस आणि दारूगोळा पेटून झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान धारातीर्थी पडले. तो दिवस आपण अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो. येत्या 14 एप्रिलला पनवेलच्या एकेका प्रभागातून वीस-वीस जणांनी आपली नावे जवळच्या अग्निशमन केंद्रात नोंदवावी आणि जवानांकडून होज अंथरण्याची पहिली कवायत शिकून घ्यावी. तोवर प्रत्येक घरातील लहानथोरांना 101 हा क्रमांक आणि आपल्या घराचा नेमका पत्ता तोंडपाठ असावा, एवढे तरी आजच करता येईल.