पिशवीतली फाईल

परळला टाटा रुग्णालयाच्या परिसरात सकाळपासूनच गर्दी सुरू होते. कुणी जळगावहून आलेले, कुणी बिहारमधून, कुणी बंगालमधून. मुलाच्या तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी आणि आईच्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत फाईल. रक्ताचे रिपोर्ट, केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या. पावसाची सर आली, की आई आधी ती पिशवी पदराखाली घेते, मग स्वत:ला सावरते. ही फाईल आपल्या लेकरासाठी किती मोलाची आहे, हे तिला कुणी सांगावे लागत नाही. पण हीच फाईल तिने कधी न पाहिलेल्या, कदाचित अजून जन्मालाही न आलेल्या मुलाचा जीव वाचवू शकते, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नसते.

हे कसे, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९४८ साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना एक नवे औषध दिले. त्यांतील १० मुलांना काही काळ उतार पडला. काही काळच, आजार पुन्हा उलटला. (ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला ठाऊक नसते.) फार्बर यांनी आपले निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि जगभरच्या डॉक्टरांना एक धागा मिळाला.

मुलांचा कर्करोग मोठ्यांच्या मानाने विरळा. जिल्ह्याच्या गावच्या बालरोगतज्ज्ञाकडे वर्षाकाठी असे किती रुग्ण येणार? एकट्या डॉक्टरच्या अनुभवातून शिकायचे म्हटले, तर आयुष्य अपुरे पडेल. म्हणून युरोप-अमेरिकेतील रुग्णालयांनी एकत्र येऊन एकाच पद्धतीने उपचार करायला आणि एकाच पद्धतीने नोंदी ठेवायला सुरुवात केली. कोणती मात्रा जास्त झाली, कोणते औषध आधी द्यावे, कुणाला कमी उपचार पुरतात, हे त्या नोंदींवरून कळत गेले. मेंदूला दिल्या जाणाऱ्या किरणोपचाराचेच पाहा. एके काळी रक्ताच्या कर्करोगात तो सर्रास दिला जाई. पुढे त्या मुलांच्या वाढीवर आणि अभ्यासावर झालेला परिणाम दिसला, त्याविना बऱ्या होणाऱ्या मुलांची संख्याही दिसली, आणि आता बहुतेक मुलांना तो टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या १०० मुलांपैकी ८० हून अधिक बरी होतात. गरीब देशांत हा आकडा ३० च्याही खाली आहे.

आपल्याकडे काय झाले?

१९८० च्या सुमारास भारतात रक्ताचा कर्करोग झालेल्या पाच मुलांपैकी जेमतेम एक वाचत असे. १९८४ मध्ये मुंबईचे टाटा रुग्णालय, चेन्नईच्या अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीची एम्स या तीन संस्थांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने एकच उपचारपद्धती ठरवली. तिचे नाव ‘एमसीपी ८४१’. हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी पुढे एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा वाचणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलेले दिसले. त्याच नोंदींनी एक कटू गोष्टही सांगितली. आपली मुले केवळ कर्करोगाने जात नव्हती. उपचार चालू असताना होणाऱ्या जंतुसंसर्गानेही जात होती. परदेशी पुस्तकात हे उत्तर सापडले नसते. आता मुंबई, दिल्ली, चेन्नई, चंदीगड आणि कोलकाता येथील केंद्रे ‘आयसीआयसीएलई’ या गटातून पुन्हा एकत्र काम करीत आहेत.

नोंदींमध्ये एक मूल मात्र हमखास हरवते. ते म्हणजे अर्ध्यातून निघून गेलेले. पैसे संपले, घरी दुसरे मूल आजारी पडले, शेतीची कामे आली, किंवा ‘आता बरा दिसतोय की’ म्हणून वडील गावी घेऊन गेले. फाईलमधले पुढचे पान कोरे. फक्त परत आलेल्यांचाच हिशेब केला, तर आकडे छान दिसतात आणि सगळ्यांची फसगत होते. किती मुले उपचार सोडून जातात हे टाटा रुग्णालयात मोजले गेले, तेव्हा कुठे त्यांच्या राहण्याजेवणाची, पैशांची आणि फोन करून विचारपूस करण्याची नीट व्यवस्था उभी राहिली, आणि हे प्रमाण खूपच खाली आले. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून गावोगाव जाऊन कर्करोगाच्या नोंदी घेतल्या जातात. रुग्णालयापर्यंत पोहोचलाच नाही, असा रुग्ण तिथे तरी मोजला जातो.

मुलीचे लग्न जमेल का?

हे सारे खरे. पण आईच्या मनातली भीतीही खोटी नाही. ‘आमच्या मुलीला कॅन्सर होता हे बाहेर फुटले, तर उद्या तिला कोण करून घेईल?’ हा प्रश्न रुग्णालयाच्या बाकावर दबक्या आवाजात निघतोच. डॉक्टरमंडळी सांगतात, नाव काढून टाकतात, त्या जागी क्रमांक घालतात. तेवढ्याने काम भागतेच असे नाही. लहानसे गाव, मुलाचे वय आणि एखादा दुर्मिळ आजार, एवढे तीन तपशील एकत्र आले, तर शेजारीपाजारी नावाविनाही ओळखतील. म्हणूनच गाव न लिहिता फक्त जिल्हा किंवा राज्य लिहिणे आणि जन्मतारखेऐवजी वय लिहिणे महत्त्वाचे ठरते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सहभागी करण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी लागते. मूल सात वर्षांहून मोठे असेल, तर त्यालाही समजेल अशा भाषेत सांगून त्याचे मत घ्यायचे असते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. संशोधनाला मात्र काही अटींवर त्यातून सवलत आहे. पण संमतीपत्र इंग्रजीत, अक्षर बारीक, आणि सही मागितली जाते ती नेमकी आजाराचे नाव पहिल्यांदा ऐकल्याच्या दिवशी! त्या दिवशी बाप कशावरही सही करील. तेव्हा कागद घरी नेऊन वाचायला मागणे, माहिती कुठे जाईल, कोण पाहील, नकार दिला तर उपचारात फरक पडेल का, हे विचारणे यात काही गैर नाही. नकार दिला म्हणून उपचारात फरक पडता कामा नये.

आणि मूल बरे झाल्यावर? बहुतेक घरांत फाईल माळ्यावर जाते, काही ठिकाणी नकोशी आठवण म्हणून टाकूनही दिली जाते. कर्करोगाच्या काही औषधांचा हृदयावरचा परिणाम दहा-पंधरा वर्षांनीही दिसू शकतो, आणि त्या वेळी एकूण किती मात्रा दिली होती, हे डॉक्टरांना हवे असते. टाटा रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळा बाह्यरुग्ण विभाग चालतो. लहानपणी आईचे बोट धरून आलेली मुले तिथे आता एकटी येतात. काहींच्या कडेवर स्वत:चे मूल असते, आणि पिशवीत तीच जुनी फाईल.