संवाद दुसऱ्यांचे, पटकथा तेंडुलकरांची

‘मंथन’ला यंदा पन्नास वर्षे होत आहेत. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला सिनेमा, 2024 मध्ये कान महोत्सवात दाखवलेली त्याची दुरुस्त प्रत, ‘अमूल’चे कुरियन, दिग्दर्शक श्याम बेनेगल, स्मिता पाटील, गिरीश कार्नाड... या सगळ्यांबद्दल यंदा भरपूर छापून येईल, आणि यायलाच हवे. पण ज्यांच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्या विजय तेंडुलकरांचे नाव अशा लेखांत बहुतेक वेळा ओझरतेच येते.

मुक्ताईनगरच्या माणसाला ‘मंथन’ची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. 2022 च्या डिसेंबरात जळगाव जिल्हा दूध संघाची निवडणूक झाली, तालुक्यातले खडसे कुटुंब रिंगणात होते आणि अख्ख्या जिल्ह्याने ती लढत विधानसभेच्या चुरशीने पाहिली. दुधाच्या राजकारणात किती काय पणाला लागते, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. ‘मंथन’मधला सरपंच सोसायटीच्या निवडणुकीत दलित वस्तीकडून हरतो, तिथून सिनेमा उलटा फिरतो. वस्ती पेटते. खासगी डेअरीवाला मिश्रा गावातल्या बिंदूचा अंगठा एका कागदावर उठवून घेतो आणि त्याच कागदातून सोसायटी उभारायला आलेल्या डॉक्टर रावांवर आळ येतो. कसलीही मारामारी नाही, मोठे भाषण नाही. एका निरक्षर बाईच्या अंगठ्याने सगळा डाव फिरतो. सहकाराच्या प्रचारासाठी काढलेल्या सिनेमात इतकी कडू गोष्ट ठेवायला धीर लागतो.

तो धीर तेंडुलकरांकडे बातमीदारीतून आला असावा. 6 जानेवारी 1928 रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या या मुलाने बेचाळीसच्या चळवळीच्या ओढीने शाळा सोडली, पुढे वर्तमानपत्रांत नोकऱ्या केल्या. सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिप मिळाली, तेव्हा समाजातल्या हिंसेचा अभ्यास करत ते देशभर हिंडले. ‘निशांत’, ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’ हे सिनेमे त्यानंतरच्या दहा वर्षांतले आहेत, हा योगायोग म्हणता येत नाही.

तेंडुलकर म्हटले की मराठी माणसाला संवाद आठवतात. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ किंवा ‘सखाराम बाइंडर’मधली ती तुटक, अर्ध्यावर सोडलेली वाक्ये. जब्बार पटेलांचा ‘सामना’ त्याच घराण्यातला: साखरसम्राट हिंदुराव आणि दारूने पोखरलेला मास्तर, निळू फुले आणि श्रीराम लागू, शब्दाला शब्द. पण त्यांच्या गाजलेल्या हिंदी सिनेमांची श्रेयनामावली बारकाईने वाचा. ‘निशांत’चे आणि ‘आक्रोश’चे संवाद सत्यदेव दुबे यांचे. ‘मंथन’चे कैफी आझमी यांचे. ‘अर्धसत्य’चे वसंत देव यांचे, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची. म्हणजे ज्या शस्त्रासाठी हा लेखक ओळखला जात होता, ते बाजूला ठेवून त्याने सिनेमा लिहिला. उरली ती रचना: कोणाला कधी आणायचे, कोणाला गप्प ठेवायचे.

‘आक्रोश’मधला लहान्या भिकू हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे, वकील त्याला पुन्हा पुन्हा विचारतो आणि ओम पुरी जवळपास सिनेमाभर तोंड उघडत नाही. प्रेक्षक वकिलाइतकाच चिडतो. शेवटी बापाच्या चितेपाशी लहान्या कुऱ्हाड उचलतो, ती स्वतःच्या बहिणीवर चालवतो आणि मग ओरडतो. ज्यांनी बायकोचे हाल केले ते बहिणीलाही सोडणार नाहीत, हे कोणी बोलून दाखवत नाही. मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत धारदार संवादलेखकाने एक न बोलणारा नायक लिहिला आणि त्याच्या मौनावर सगळा सिनेमा तोलला. भारतीय पटकथेत याच्या तोडीचे फार थोडे आहे.

अशा पटकथेला बोलका चेहरा लागतो आणि तो पुरवला खान्देशच्या लेकीने. स्मिता पाटील जन्मली पुण्यात, पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. ‘निशांत’, ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘उंबरठा’, ‘अर्धसत्य’: तेंडुलकरांच्या या पाचही पटकथांत ती आहे. ‘आक्रोश’मधल्या नागीच्या वाट्याला तर शब्द मोजकेच. ‘उंबरठा’तली सुलभा मात्र तिची सर्वांत मोठी मराठी भूमिका. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून लिहिलेल्या या पटकथेत सुलभाला सासरचे घर आणि महिलाश्रम, दोन्ही ठिकाणी जागा उरत नाही. तेंडुलकर तिला परत आणून गोड शेवट करत नाहीत.

जानेवारी 2027 मध्ये तेंडुलकरांचे जन्मशताब्दी वर्ष सुरू होईल. नाटकांचे महोत्सव होतीलच, त्यासाठी पुणे-मुंबई समर्थ आहे. जळगाव-धुळ्याने हे पाच सिनेमे एका आठवड्यात लागोपाठ दाखवावेत आणि त्याची सुरुवात शिरपूरपासून करावी. बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या मराठी विभागाने ‘आक्रोश’ची पटकथा नाटकांच्या शेजारी अभ्यासाला लावावी. त्यासाठी शताब्दीची वाट पाहण्याचीही गरज नाही.