'सी' कुठे आणि 'के' कुठे?

मांजर म्हणजे 'कॅट', स्पेलिंग सी-ए-टी. मांजराचे पिल्लू म्हणजे 'किटन', आणि तिथे मात्र के! आई 'सी'ची आणि पिल्लू 'के'चे, हे कसे? वहीत 'कॅट' के घालून लिहिले, तर लाल शाईची फुली मिळते. कारण मिळतेच असे नाही. "पाठ करा" हे काही उत्तर नव्हे.

आधी एक छोटासा प्रयोग करू. 'का' म्हणा, मग 'की' म्हणा, आणि जीभ टाळूला कोठे टेकते तिकडे लक्ष द्या. 'की' म्हणताना ती किंचित पुढे सरकलेली आढळेल. इ आणि ए हे स्वर तोंडाच्या पुढच्या भागात उच्चारले जातात आणि आपल्या आधीच्या व्यंजनालाही पुढे ओढतात. आता 'त्याचा' आणि 'त्याची' हे शब्द मोठ्याने म्हणा. अक्षर एकच, पण 'त्याचा'मधला च हा 'चाक'मधला आणि 'त्याची'मधला 'चिमणी'तला! आपण हे रोज करतो, पण आपल्या ध्यानात येत नाही इतकेच.

नेमके हेच लॅटिनमध्ये घडले. प्राचीन रोमन लोक 'सी'चा उच्चार सर्वत्र 'क' असाच करीत. सिसेरो हा प्रसिद्ध वक्ता स्वतःला 'किकेरो' म्हणत असे. 'के' हे अक्षर त्यांच्याजवळ होते, पण जवळजवळ अडगळीत पडलेले. 'सीझर' या नावाचाही आरंभ 'क'नेच होई. जर्मनांनी ते नाव फार लवकर उचलले, म्हणून त्यांच्या भाषेत सम्राट 'कैसर' झाला. पुढे इ-ए या स्वरांआधीचा क हळूहळू पुढे सरकला. इटलीत त्याचा 'च' झाला. फ्रान्समध्ये आधी 'चाक'मधल्या चसारखा उच्चार झाला आणि तेराव्या शतकात नुसता 'स' उरला. लिहिताना मात्र सगळे 'सी'च लिहीत राहिले. लेखणी नेहमीच जिभेच्या मागून चालते!

इंग्लंडात रोमन लिपी आली ती ख्रिस्ती धर्मोपदेशकांबरोबर. त्यामुळे जुन्या इंग्रजीतही 'के' क्वचितच दिसे. राजाला 'क्युनिंग' म्हणत आणि ते सी-वाय-एन-आय-एन-जी असे लिहीत. पण इथेही काही शब्दांत 'सी'चा 'च' झालेला होता. हनुवटी म्हणजे 'चिन', ते लिहीत सी-आय-एन-एन. नातलग म्हणजे 'किन', ते लिहीत सी-वाय-एन-एन. फरक काय तो स्वराचा. पुढे बहुतेक ठिकाणी हे दोन स्वर एकसारखे झाले. मग वाचणाऱ्याने 'सी' पाहून क म्हणावे की च?

इ. स. 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि फ्रेंच वळणाचे लेखनिक आले. त्यांच्या लेखी 'सी'पुढे इ किंवा आय आले की उच्चार 'स'. राजाचे नाव 'सी'ने लिहावे, तर वाचणारा 'सिंग' म्हणणार! तेव्हा अडगळीतला 'के' कामाला आला. इ, आय, वाय यांच्याआधी 'के' लिहावे. ए, ओ, यू यांच्याआधी जुना 'सी' ठेवावा. 'च'साठी सी-एच लिहावे, अशी रीत पुढच्या दोन-तीन शतकांत रुळली. म्हणून कॅट, काऊ, कोल्ड 'सी'चे राहिले आणि किंग, कीन, किचन, किटन 'के'चे झाले. एनच्या आधीही 'के' बसला. 'नाइफ'मधला तो 'के' तेव्हा मुका नव्हता. लोक चक्क 'क्नीफ' म्हणत. तो मुका झाला सतराव्या शतकाच्या सुमारास.

शब्दाच्या शेवटी आणखी एक गंमत आहे. 'म्युझिक' पूर्वी सी-के लावून संपत असे. डॉ. जॉन्सनच्या 1755च्या शब्दकोशात तो 'के' आहे. अमेरिकेत वेबस्टरने तो काढून टाकला आणि इंग्लंडातही तो गळाला. पण 'पिकनिक'ला आय-एन-जी लावा पाहू! पुढे आय आला की 'सी'चा 'स' होण्याचे भय, म्हणून 'के' मुकाट्याने परत येतो.

आता शब्दकोशातली 'के'ची पाने उघडून पाहा. 'सी'च्या पानांपुढे ती फारच थोडी भरतील. त्यांत के-इ, के-आय आणि के-एन यांनी सुरू होणारे शब्द बरेचसे इंग्लंडचे जुने रहिवासी निघतील. के-ए, के-ओ यांची रांग तपासा: कांगारू आणि कोआला ऑस्ट्रेलियाचे, कराटे जपानचे, कयाक एस्किमोंकडची. हे सगळे मागाहून आलेले पाहुणे. 'खाकी'सुद्धा अशीच पाहुणी म्हणून 'के'च्या पानांत बसलेली सापडेल, आणि ती गेली आपल्याकडून.