धायटी : आसव-अरिष्टांना आंबवणारे फूल

माघ-फाल्गुनात सह्याद्रीच्या उघड्या, खडकाळ उतारांवरचे गवत वाळून पिवळे पडते आणि बहुतेक झाडोरा निष्पर्ण होऊ लागतो, तेव्हा तांबड्या-केशरी फुलांच्या झुबक्यांनी लगडलेले जे झुडूप दुरूनही ओळखू येते, ते धायटी होय. संस्कृतात ‘धातकी’ आणि वनस्पतिशास्त्रात ‘वुडफोर्डिया फ्रुटिकोसा’ या नावांनी ओळखली जाणारी ही वनस्पती मेंदी आणि डाळिंब यांच्याच कुळातील, म्हणजे ‘लिथ्रेसी’ कुळातील असून, भारताखेरीज नेपाळ, श्रीलंका, म्यानमार आणि मादागास्कर येथेही ती आढळते.

सामान्यतः १ ते ३ मीटर उंचीच्या या झुडपाच्या लांब फांद्या कमानीसारख्या झुकलेल्या असतात. पाने समोरासमोर येतात आणि त्यांच्या खालच्या पांढरट, लवदार बाजूवर बारीक काळे ठिपके दिसतात, ते ग्रंथींचे होत. फुलाचा तांबडा रंग पाकळ्यांचा नसून संदलपुंजाचा, म्हणजे फुलाच्या बाहेरील आवरणाचा असतो. ही किंचित वाकडी नळी सुमारे सेंटिमीटरभर लांब असते, तिच्या तोंडाशी सहा चिमुकल्या पाकळ्या असतात आणि तिच्यातून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात. तळाशी साठलेल्या मधासाठी शिंजीर पक्षी आणि मधमाश्या येतात व परागीभवन घडवितात. फळ याच नळीत पिकत असल्याने पाकळ्या गळून गेल्यावरही झुडूप बराच काळ फुललेलेच भासते.

आयुर्वेदात धायटीला मानाचे स्थान आहे. चरकसंहितेत आसवांसाठी सांगितलेल्या दहा फुलांत धातकीचा समावेश आहे. औषधी द्रव्ये न उकळता केलेले ते आसव आणि काढ्यापासून केलेले ते अरिष्ट. दोहोंतही गूळ, साखर किंवा मध आणि धायटीची फुले घालून भांड्याचे तोंड बंद केले जाते व मिश्रण आंबू दिले जाते. या क्रियेला ‘संधान’ म्हणतात. फुलांवर वसणारे यीस्ट हे सूक्ष्मजीव साखरेचे मद्यार्कात रूपांतर करतात, असे संशोधनात दिसून आले आहे. या मद्यार्कामुळे औषधातील गुणकारी अंश द्रवात उतरतात आणि औषध दीर्घकाळ टिकते. याशिवाय फुलांत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असल्याने अतिसार आणि रक्तस्राव यांवर त्यांचा परंपरेने वापर होतो, तर फुलांपासून मिळणाऱ्या तांबड्या रंगाने पूर्वी रेशीम रंगवीत असत.

औषधनिर्मितीसाठी लागणारी फुले मुख्यतः रानातूनच गोळा केली जातात आणि चिंतेचे कारण येथेच आहे. फुलांबरोबर बीजही खुडले जात असल्याने संपूर्ण झुडूप ओरबाडल्यास नव्या रोपांना वाव उरत नाही आणि फांद्या तोडून फुले काढल्यास पुढचा बहरही घटतो.

लागवड मात्र अवघड नाही. बी अत्यंत बारीक असल्यामुळे ते बारीक वाळूत मिसळून गादीवाफ्यावर पसरावे, त्यावर मातीचा जाड थर देऊ नये आणि पाणी हलक्या झारीने द्यावे. पुरेशी वाढ झालेली रोपे पावसाळ्याच्या आरंभी कायम जागी लावावीत. धायटीला भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन मानवते, छाटणीनंतर ती बुंध्यातून पुन्हा जोमाने फुटते आणि तिची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात. म्हणून डोंगरउतारावरच्या शेतकऱ्यांनी पडीक बांधांवर धायटी लावावी, औषधनिर्मात्यांनी अशा लागवडीची फुले रास्त भावाने घ्यावीत आणि रानातील फुले खुडणाऱ्यांनी प्रत्येक झुडपावरचे काही झुबके बीजासाठी राखावेत.